‘गॉस्पेल अल्बम’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा

जॉनी कॅश या अमेरिकन गायकावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात कंट्री गायकाने गॉस्पेलचा अल्बम केल्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. ‘ग्रामीण गायकाचा शुभवर्तमान-संग्रह’ असा एक तर्जुमा माझ्या वाचनात आला. तो वाचून कुणालाही वाटेल की खेड्यातल्या कुणीतरी बायबलचं पारायण रेकॉर्ड केलंय. माझ्यासमोर सुवार्तागीतं, भक्तिगीतं, ख्रिस्ती भजनं, स्तोत्रं असे पर्याय आहेत. कोणता कुठे चालेल, हे जाणकारांनी सांगावं. ‘कंट्री’चं काय करायचं, तेही.

प्रतिसाद १

ताई, आधी मूळ शब्द बघू. जुन्या इंग्रजीत तो ‘गोडस्पेल’ असा होता. त्यातल्या ‘गोड’चा अर्थ देव नव्हे, चांगला, ‘स्पेल’ म्हणजे वार्ता. ग्रीकमधल्या ‘युआंगेलिऑन’चा तो सरळ तर्जुमा. आपले ‘सुवार्ता’ आणि ‘शुभवर्तमान’ हे दोन्ही शब्द त्याच रीतीने घडलेत आणि धर्मग्रंथाच्या संदर्भात ते चोख आहेत. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची ती चार शुभवर्तमानं. वसईच्या ख्रिस्ती समाजाच्या मासिकाचं नावच ‘सुवार्ता’ आहे.

गाण्याच्या प्रांतात मात्र हा शब्द मूळ अर्थापासून बराच पुढे गेला. १८७० च्या दशकात ड्वाइट मूडी हे धर्मोपदेशक मोठमोठ्या सभा घेत आणि आयरा सँकी तिथे गात. फिलिप ब्लिस यांनी १८७४ मध्ये ‘गॉस्पेल साँग्ज’ नावाचं पुस्तक काढलं. चर्चमधल्या जुन्या, भारदस्त गीतांपेक्षा ही गाणी सोपी होती. ध्रुवपद पुन्हा पुन्हा येणार, चाल एकदा ऐकली की तोंडात बसणार. पुढे टेनेसीतल्या लॉरेन्सबर्ग गावी जेम्स व्हॉन यांनी आपली गाण्यांची पुस्तकं खपावीत म्हणून १९१० मध्ये चौघांचा गायकसंच फिरतीवर पाठवला. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्या लोकांचं गॉस्पेल त्या वाटेने वाढलं.

काळ्या लोकांच्या गॉस्पेलची वाट वेगळी आहे. शिकागोचे थॉमस डॉर्सी आधी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज हे काळ्या लोकांचं लौकिक संगीत वाजवत. १९३२ मध्ये त्यांची पत्नी बाळंतपणात गेली, बाळही गेलं. त्या दुःखातून ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ आलं. त्यांच्या गाण्यांत ब्लूजचे स्वर आणि चर्चचे शब्द एकत्र नांदतात. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर ‘गॉस्पेल’ म्हटलं की झगे घातलेला, टाळ्या देत गाणारा गायकवृंद उभा राहतो, तो या परंपरेतला.

या दोन वाटा एकमेकींना सतत भेटत आल्या आहेत. डॉर्सींनी महेलिया जॅक्सन या गॉस्पेल गायिकेसाठी लिहिलेलं ‘पीस इन द व्हॅली’ १९५१ मध्ये रेड फोली या कंट्री गायकाने गायलं आणि ते गोऱ्या श्रोत्यांच्या घराघरांत गेलं. म्हणून माझं स्पष्ट मत: गॉस्पेल हे आता एका गानप्रकाराचं नाव आहे. ते जसंच्या तसं ठेवा.

प्रतिसाद २

मी नगरकडची, ख्रिस्ती घरातली. वरच्या पर्यायांपैकी ‘स्तोत्रं’ आधी बाजूला काढा. आमच्या कानांना स्तोत्र म्हणजे बायबलमधल्या ‘स्तोत्रसंहिते’तलं स्तोत्र. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे तेविसावं स्तोत्र. इंग्रजीत ज्याला हिम म्हणतात, त्याला आम्ही साधं ‘गीत’ म्हणतो. उपासनेत गीताचा क्रमांक सांगितला की सगळे पुस्तक उघडतात. पुस्तकाचं नाव ‘उपासना संगीत’. त्यात नारायण वामन टिळकांची गीतं भरपूर आहेत, आणि आम्हाला ती पुस्तकात न बघता येतात.

‘भजन’ही जपून वापरा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि ओवी त्यांनी टाकली नाही. ख्रिस्ताची भक्ती त्यांनी तुकोबांच्या छंदात लिहिली. आमच्याकडे ख्रिस्ती भजन म्हटलं की टाळ, मृदंग आणि एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं असा सगळा बाज डोळ्यांपुढे येतो. कॅशच्या गिटारवरच्या गाण्याला भजन म्हटलंत, तर आम्हाला भलताच नाद ऐकू येईल.

‘सुवार्तागीत’ कळेल, पण त्याचा अर्थ अरुंद होतो. सुवार्ता सांगणे म्हणजे जो विश्वासात नाही त्याला ख्रिस्ताविषयी सांगणे. काही गाणी खरोखर त्यासाठीच आहेत. ‘जस्ट ॲज आय ॲम’ घ्या. बिली ग्रॅहम या अमेरिकन धर्मोपदेशकांच्या सभांत प्रवचन संपल्यावर लोकांना पुढे बोलावताना ते गायलं जाई. पण अल्बममधली सगळी गाणी अशी बोलावणारी नसतात. काही मरणाची असतात, काही आईची, काही नुसती पैलतीराच्या ओढीची.

प्रतिसाद ३

‘कंट्री’विषयी. याला ‘ग्रामीण संगीत’ म्हणू नये आणि ‘लोकसंगीत’ तर मुळीच नाही, कारण अमेरिकेत फोक हा वेगळा प्रवाह मानतात. कंट्री हे बाजाराने ठेवलेलं नाव आहे. पूर्वी या संगीताला ‘हिलबिली’ म्हणत. त्यात डोंगरातला अडाणी माणूस असा तुच्छतेचा वास होता. ‘बिलबोर्ड’ या साप्ताहिकाने १९४९ मध्ये आपल्या यादीला ‘कंट्री अँड वेस्टर्न’ नाव दिलं. त्याच वर्षी काळ्या लोकांच्या संगीताच्या यादीचं ‘रेस’ हे नाव जाऊन ‘रिदम अँड ब्लूज’ आलं. इतका इतिहास ज्या नावाच्या पोटात आहे, ते बदलून आपण काही मिळवत नाही.

एक व्यावहारिक सूचना. आपल्याकडे ‘कंट्री’ म्हटलं की देशी दारू आठवते. तशा पाट्या जागोजागी दिसतात. त्यामुळे पहिल्या उल्लेखात सुटं ‘कंट्री गायक’ न लिहिता ‘कंट्री संगीत गाणारा जॉनी कॅश’ असं लिहा. पुढे ‘कंट्री गायक’ चालेल.

विचारणा करणारी

सगळ्यांचे आभार, खूप मोकळं झालं. आता नेमकी अडचण सांगते. कॅश मेम्फिसला सन रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीच्या सॅम फिलिप्सकडे गेला, तो मी गॉस्पेल गातो असं सांगत. फिलिप्सचं म्हणणं, हे मला विकता येणार नाही. मग ‘क्राय! क्राय! क्राय!’ वगैरे साधी गाणी आली. १९५८ मध्ये तो कोलंबिया या दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि १९५९ मध्ये ‘हिम्स बाय जॉनी कॅश’ निघाला. शेवटी २००४ मध्ये ‘माय मदर्स हिम बुक’. या दोन्हींना एकच शब्द लावू का? दुसरा ऐकताना ‘गॉस्पेल अल्बम’ हे फार दुकानी वाटतं.

प्रतिसाद १

तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे, ताई. १९५९ च्या बाबतीत दुकान हाच तर मुद्दा होता. काय विकलं जाईल यावरून फिलिप्स नको म्हणाले आणि तेच करायला मिळावं म्हणून कॅशने कंपनी बदलली. तिथे ‘गॉस्पेल अल्बम’च हवा. शब्द बदललात तर भांडण कशावरून होतं, ते वाचकाला कळणार नाही.

दुसऱ्याची जात निराळी. आर्कान्सामधल्या डायस वसाहतीत सरकारने कॅश कुटुंबाला २० एकर जमीन दिली होती. कपाशीच्या रानात घरच्यांसोबत राबताना आणि आईच्या तोंडून जी गाणी त्याच्या कानांवर पडली, ती ही. थोरला भाऊ जॅक धर्मोपदेशक होणार होता. १९४४ मध्ये तो करवतीच्या यंत्रात सापडून गेला. गाण्यांमधल्या पैलतीराच्या भेटीला कॅशच्या घरात असा अर्थ होता. अल्बममध्ये त्याचा थकलेला आवाज आणि गिटार, एवढंच आहे. निर्माते रिक रुबिन यांनी त्यावर काहीही चढवलेलं नाही. कॅश २००३ च्या सप्टेंबरमध्ये गेला. ही गाणी आधी त्या वर्षाअखेरच्या संचात आली, मग २००४ मध्ये स्वतंत्र. याला बेलाशक ‘भक्तिगीतं’ म्हणा. भीमसेन जोशींची ‘संतवाणी’ ऐकताना आपण ख्यालगायकाने प्रकार बदलला असं म्हणत नाही. त्याच गळ्यातून अभंग आला असं म्हणतो. इथेही तसंच.

त्यातलं ‘लेट द लोअर लाइट्स बी बर्निंग’ लेखात असेल तर तिथे थांबा. गाणं ब्लिस यांचं, पण मूळ आहे मूडींच्या प्रवचनातल्या एका प्रसंगात. वादळी रात्री क्लीव्हलँडच्या बंदराकडे येणाऱ्या बोटीला दीपगृहाचा मोठा दिवा दिसतो, पण किनाऱ्यालगतचे खालचे दिवे विझलेले असतात. वाट चुकते, बोट फुटते. मोठा दिवा देवाचा, तो जळतच असतो. खालचे आपण पेटते ठेवायचे. म्हणून ‘मंद दिवे’ लिहू नका, गाण्याचा अर्थच जाईल. ‘किनाऱ्यावरचे दिवे’ लिहा.

प्रतिसाद २

ॲलन जॅक्सन या कंट्री गायकाचा ‘प्रेशस मेमरीज’ (२००६) हा अल्बम याच जातीचा आहे. आईला नाताळची भेट म्हणून त्याने ही गीतं गायली होती, विकायचा विचारच नव्हता. पुढे बाजारात आला आणि प्रचंड खपला. लेखात त्याचा उल्लेख असेल तर तिथेही भक्तिगीतंच लिहा.

आणि ‘हिम बुक’साठी ‘स्तोत्रपुस्तक’ नको, मघाच्याच कारणाने. ‘माझ्या आईचं गीतांचं पुस्तक’ म्हणा. आमच्या घरांत त्याला असंच म्हणतात.