कंपनी लाइन थायलंडला हलवतेय : सरकारी मदत नेमकी काय मिळते?

प्रश्न : असेंब्ली_चाकण

युनिट चाकणचं. पर्मनंट १७०, कॉन्ट्रॅक्टवर ९०. असेंब्लीच्या दोन्ही लाइन मार्चपर्यंत थायलंडला जाणार आणि इथे फक्त गोडाऊन व सर्व्हिस राहणार, असं मॅनेजमेंटने कमिटीला तोंडी सांगितलंय. सोबत 'स्वेच्छा' पॅकेज आहे : राजीनामा द्या, वर्षाला २५ दिवसांचा पगार घ्या, ग्रॅच्युइटी वेगळी. पर्मनंटचे पगार १९ ते २७ हजार, कॉन्ट्रॅक्टवाल्यांचे १५-१६ हजार. उत्पादन बाहेर गेलं की अमेरिकेत सरकार भत्ता आणि ट्रेनिंग देतं, तसं आपल्याकडे काही आहे का? आधी काय करायचं?

लेबरकायदा_पिंपरी

आधी कुणालाही राजीनाम्यावर सही करू देऊ नका. आपल्याकडची मदत काम परदेशात गेलं म्हणून मिळत नाही, नोकरी कशी सुटली यावर ती ठरते.

मुख्य आधार ईएसआयसीच्या (कर्मचारी राज्य विमा महामंडळ) राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचा. कारखाना बंद झाला किंवा कामगारकपात झाली आणि किमान दोन वर्षांची वर्गणी भरलेली असेल, तर पहिले १२ महिने सरासरी पगाराच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के भत्ता मिळतो. त्या काळात स्वतःवर आणि कुटुंबावर ईएसआयचे उपचार चालू राहतात. दुसरी नोकरी लागली की भत्ता थांबतो. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला यातलं काहीच मिळत नाही.

दावे अडकतात ते बहुतेक एकाच ठिकाणी. शेवटच्या महिन्याची वर्गणी भरताना एचआर कारणाच्या रकान्यात 'लेफ्ट सर्व्हिस' टाकतं. तिथे 'रिट्रेंचमेंट' (कामगारकपात) हवं. पत्रात एक आणि पोर्टलवर दुसरं कारण असेल, तर शाखा कार्यालय दावा पुढे नेत नाही, आणि नंतर दुरुस्तीसाठी इथे माणूस सापडत नाही.

ईएसआयसीत येण्यासाठी पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपयांची आहे. ती तपासताना ओव्हरटाइम धरत नाहीत. मधेच पगारवाढ होऊन कुणी मर्यादेबाहेर गेला, तरी वर्गणीचा चालू काळ (एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च) संपेपर्यंत संरक्षण राहतं. म्हणजे एप्रिलच्या वाढीने जे २१ हजारांपुढे जातील, त्यांची सेवा ३१ मार्चपूर्वी संपणं त्यांच्या फायद्याचं आहे. ही यादी आजच काढा.

हिशेब_बरोबर

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. कारखाना बंद करायला सरकारची परवानगी ३०० कामगारांपासून लागते, आणि हा आकडा मागच्या १२ महिन्यांची सरासरी काढून धरतात. तुम्ही कॉन्ट्रॅक्टवाले धरूनही खाली आहात. पण ५० च्या वर असल्यामुळे सरकारला ६० दिवस आधी नोटीस द्यावीच लागते. तोंडी सांगणं म्हणजे नोटीस नव्हे.

१३ वर्षं सेवा आणि कायद्याची भरपाई वर्षाला १५ दिवसांचा पगार, असं धरून दोन उदाहरणं. १२ वर्षं ७ महिने झाले असतील तरी १३ च धरतात, कारण सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष होतो.

पगार २६,००० : भरपाई १३,००० × १३ = १,६९,०००. नोटिशीचा एक महिना २६,०००. पुनर्कौशल्य निधीतून (कपात झालेल्यांना नवं काम शिकता यावं म्हणून संहितेत ठेवलेला निधी) १५ दिवसांचे १३,०००. एकूण २,०८,०००. पॅकेजमध्ये सुमारे २,८१,६००. हा माणूस ईएसआयसीबाहेर आहे, त्याला पॅकेज परवडतं.

पगार १९,००० : भरपाई १,२३,५००, नोटीस १९,०००, निधी ९,५००, एकूण १,५२,०००. पॅकेज सुमारे २,०५,८००. वरवर ५३,८०० जास्त दिसतात. पण ईएसआयसीचा भत्ता महिना ९,५०० च्या आसपास, म्हणजे सहा महिने काम मिळालं नाही तरी तो फरक ओलांडून जातो, आणि घरात कुणी आजारी असेल तर उपचारांचं मोल वेगळंच. सरसकट सगळ्यांना पॅकेज घ्या म्हणणं कमी पगारवाल्यांवर अन्याय आहे.

पुनर्कौशल्य निधीचे १५ दिवस फक्त कामगारकपातीत मिळतात, 'बंद'मध्ये नाही. पैसे ४५ दिवसांत खात्यात यायला हवेत. तुमचं गोडाऊन आणि सर्व्हिस चालू राहणार, पण संहितेत कामाच्या जागेचा एक भाग कायमचा मिटवणं हेही 'बंद'च धरलंय. त्यामुळे पत्रात 'कामगारकपात' हा शब्द आणि त्याचं कलम आलं पाहिजे. तसं झालं तर वर्षभरात तिथे भरती निघाल्यास जुन्या माणसांना आधी बोलवावं लागतं.

ग्रॅच्युइटी दर वर्षाला शेवटच्या महिन्याच्या पगाराच्या १५/२६ ने, आणि ती ३० दिवसांत मिळायला हवी.

जागतिक_कामगार

अमेरिकेची ती योजना १९६२ च्या कायद्यातून आली. तीन कामगारांनी मिळून अर्ज केला तरी चालायचा, मग ट्रेनिंग आणि त्या काळातला भत्ता. पण १ जुलै २०२२ पासून नवीन अर्ज मंजूर होत नाहीत. युरोपीय संघाचा असा निधी २००७ पासून आहे. आपल्याकडे आयातीशी किंवा स्थलांतराशी जोडलेली वेगळी योजना नाही, ती असायला हवी.

असेंब्ली_चाकण

मॅनेजमेंटला 'कपात' शब्द नको आहे, 'राजीनामा'च हवा म्हणतात. आणि कॉन्ट्रॅक्टवाल्यांचं काय?

लेबरकायदा_पिंपरी

पॅकेजची रक्कम तीच ठेवा, नाव बदला. कायद्याची भरपाई वेगळी दाखवायची आणि उरलेला फरक सानुग्रह (कंपनीने स्वखुशीने दिलेली) रक्कम म्हणून. असा करार पुण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात समेट अधिकाऱ्यासमोर करा. तो सगळ्यांवर बंधनकारक होतो. खासगीत सह्या झाल्या तर तेवढं बळ राहत नाही.

कॉन्ट्रॅक्टवाले २१ हजारांच्या आत आहेत, म्हणून भत्त्यावर त्यांचाच हक्क सर्वांत पक्का. पण ठेकेदार कागदावर 'दुसऱ्या साइटवर बदली' दाखवतो आणि माणूस गेला नाही की 'सोडून गेला' लिहितो. ज्याला खरोखर काम नाही, त्याने ठेकेदाराकडून कपातीचं लेखी पत्र मागावं. मिळालं नाही तर मागणीची प्रत रजिस्टर्ड पोस्टाने ठेकेदाराला, कंपनीला आणि कामगार कार्यालयाला पाठवावी. गेट पास, पगाराच्या स्लिपा आणि ईएसआयसीचा वर्गणीचा तपशील आत्ताच डाउनलोड करून ठेवा.

पीएफमध्ये ज्यांची सेवा १० वर्षांहून कमी आहे त्यांनी पेन्शनची रक्कम काढू नये, फॉर्म १०सी भरून स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनसाठी झालेल्या सेवेचा दाखला) घ्यावं. पुढच्या नोकरीत वर्षं जोडली जातात आणि १० पूर्ण झाली की पेन्शनचा हक्क मिळतो.