विषय : सोलापूरच्या मुलांची बिनपगारी उमेदवारी (इंटर्नशिप)

सस्नेह नमस्कार,
इथल्या, ब्रिटनमधल्या आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या मांडणीसाठी सोलापूरचे दोन नवे पदवीधर तीन महिने घरूनच काम करतील, असे सभेत ठरले होते. जाहिरात गुरुवारी जायची आहे आणि मसुद्यात "मानधन नाही, प्रमाणपत्र मिळेल" हे वाक्य तसेच आहे. हरकत असल्यास उद्यापर्यंत कळवावे.
– सचिव

सचिव महोदय,
माझी हरकत नोंदवून घ्यावी. सोलापुरात अशोक चौकात आमचे चार माग होते. शाळा सुटल्यावर मागाच्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरायला येणाऱ्या पोरालाही वडील आठवड्याच्या हिशेबात धरत, कारण कांडी सैल भरली गेली तर माग थांबतो, आणि ज्याच्या चुकीने माग थांबतो त्याचे काम फुकटचे कसे म्हणायचे? राज्य सरकारने 2024 मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यातही पदवीधराला महिना 10,000 रुपये विद्यावेतन ठरले.
– एक जुना सभासद

काका, ते पैसे सरकारी तिजोरीतून जातात; आपली तिजोरी किती खोल आहे ते गणपतीच्या हिशेबात सर्वांनी पाहिलेच आहे. शिवाय इथे ब्रिटनमध्येसुद्धा अभ्यासक्रमाचा भाग असलेली, वर्षभरापर्यंतची उमेदवारी किमान वेतनातून वगळलेली आहे. अंकाच्या खर्चाला मंजुरी मी देतो, तेव्हा मला विचारल्याशिवाय कोणी आकडे जाहीर करू नयेत.
– खजिनदार

खजिनदार साहेब, ती सवलत शिकत असलेल्यांसाठी आहे आणि आपण तर पदवीधर मागतो आहोत. माझ्या भाच्याने पुण्यात अशीच सहा महिन्यांची बिनपगारी उमेदवारी धरली होती. खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे सोलापूरहून त्याचे वडील, टॉवेलच्या कारखान्यातल्या पगारातून, पाठवत होते. तिसऱ्या महिन्यात तो परत आला. ज्याचे घर पुण्यातच होते तो सोबती टिकला आणि पुढे तिथेच कायम झाला. भाच्याचे काम कमी पडले असे त्या कंपनीतही कोणी म्हटले नाही. (आणि काका, माग सहा होते, आमची भिंत तुमच्या भिंतीला लागून होती.)
– कार्यकारिणी सदस्या

वहिनी, घरून काम असल्याने भाड्याचा प्रश्न नाही, हे मी सुचवणार होतो. पण लॅपटॉप आणि इंटरनेट मुलांनी स्वतःचे आणावे, असेही मसुद्यात आहे, ते आत्ता लक्षात आले. दोन्ही वाक्ये काढली आहेत. मानधनाच्या जागी कोणता आकडा टाकायचा, तो खजिनदारांनी बुधवारी रात्रीपर्यंत कळवावा.
– सचिव