वाघाचं युनिट खरंच असू शकतं का? थ्री किंग्डम्स, एज ऑफ एम्पायर्स, झिरो एडी

रानवाट_२१:
नमस्कार मंडळी, गेल्या आठवड्यात टोटल वॉर थ्री किंग्डम्स हा प्राचीन चीनमधल्या लढायांचा कॉम्प्युटर गेम परत लावला, यावेळी ते २०२० मध्ये आलेलं फ्युरियस वाइल्ड हे जोड-पॅक टाकून नानमान म्हणजे दक्षिणेकडच्या टोळ्या घेतल्या, त्यांचा राजा मुलू. त्याच्याकडे वाघ घेऊन लढणारे लोक आहेत, लढाई सुरू झाली की वाघ सुटतात आणि थेट समोरच्या रांगेत घुसतात, बघायला जबरदस्त वाटतं. पण मग एज ऑफ एम्पायर्स दोन या गेममध्ये हत्ती, उंट, घोडे सगळं ट्रेन होतं, म्हणजे फौजेसाठी तयार करता येतं, आणि वाघ मात्र नुसता जंगलात फिरतो, झिरो एडीमध्ये पण तेच, मौर्यांना लाकूड-धान्य जमा करून घेणारा हत्ती आहे पण वाघ कुणाचाच नाही. मला झिरो एडीसाठी एक छोटा मॉड, म्हणजे गेममध्ये स्वतः केलेला बदल, करायचाय, त्यात वाघाची तुकडी टाकू का? इतिहासात कुणी असं केलं होतं का? केलं असेल तर मला ते नीट, खरं दाखवायचंय, नुसती हवा नको.

जुना_गडी:
गेमच्या बाजूने सांगतो. रोम टोटल वॉरमध्ये युद्धातले कुत्रे होते आठवतात का, मालक साखळी सोडतो, कुत्रे जातात, मेले तरी मालक जिवंत असला की पुढच्या लढाईला कुत्रे परत भरलेले. मुलूचे वाघ बघून मला तेच आठवलं. कुत्र्याला ते शोभतं कारण कुत्रा माणसाबरोबर राहणारा प्राणी आहे, पण वाघ? मला विचाराल तर सगळ्यात खरा वाघ एज दोनचाच आहे. राइज ऑफ द राजाज हे त्याचं जोड-पॅक आलं तेव्हा लांडग्याच्या जागी काही नकाशांवर वाघ आला, पहिल्या दोन-तीन मिनिटांत आपण मेंढ्या शोधण्यात गुंग असतो आणि झाडीच्या कडेला लाकूड तोडणारा गडी एकदम मरतो. पंचवीसच तर जीव असतो त्याला. म्हणून मी ५० सोनं घालून लूम ही गड्यांची सुधारणा लवकर घेतो, पंधरा जीव वाढतो, तेवढ्यावर तो गडी वाघाशी झगडून वाचतो. आणि वाघ मारून अन्न पण मिळत नाही, रानडुकरातून मिळतं तसं काहीच नाही, नुसती धास्ती.

बफरवाला:
मी चंद्रपूरचा, आमचं गाव ताडोबाच्या बफरला, म्हणजे अभयारण्याभोवतीच्या पट्ट्याला, लागून आहे, त्यामुळे वरचं वाचून अंगावर काटा आला, कारण ते अगदी असंच होतं. उन्हाळ्यात लोक पहाटे मोहफुलं वेचायला जातात, तेंदूपत्त्याला जातात, माणूस खाली वाकलेला असतो आणि वाघ मागून येतो. सुंदरबनात मध काढणारे म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा घालून बघायचे, वाघाला वाटावं की हा आपल्याकडे बघतोय. म्हणजे वाघ समोरासमोर भिडणारा प्राणीच नाही हो. एकटा राहतो, गवतात दबा धरतो, जवळ आल्यावर झेप, आणि साधलं नाही तर थोडं पळून सोडून देतो, बहुतेक प्रयत्न फसतातच त्याचे. हजारो माणसं, नगारे, घोडे, धूळ असलेल्या मैदानात त्याला सोडलं तर तो शत्रूच्या रांगेत कशाला जाईल, जिकडे मोकळं दिसेल तिकडे निघून जाईल, आणि ते मोकळं तुमच्याच बाजूला असू शकतं.

रानवाट_२१:
पटतंय दादा, पण हत्ती पण जंगलातूनच धरायचे ना? मग हत्ती शिकतो आणि वाघ का नाही शिकत?

बफरवाला:
धरायचे, बरोबर. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर लिहिलंय की हत्ती उन्हाळ्यात धरावा आणि वीस वर्षांचा धरावा. पण हत्ती कळपात वाढतो, कुणाचं तरी ऐकायची त्याला सवयच असते, माहुताला ती जागा घेता येते. वाघाचं पिल्लू दोन वर्षांच्या आसपास आईला सोडून जातं, त्यानंतर ऐकायचं कुणाचं? चित्ता माणसाळवला लोकांनी, अकबराकडे शिकारीचे चित्ते होते, डोळ्यांवर पट्टी बांधून न्यायचे आणि काळवीट दिसला की पट्टी काढायची. पण ती शिकार झाली, समोर एक काळवीट, भाल्यांची भिंत नाही. आणि खाणं बघा, एका वाघाला वर्षाला पन्नासेक हरणं लागतात, अशा शंभर वाघांना चालत्या फौजेत मांस कुठून आणणार?

पानोपानी:
इतिहासाचं उत्तर आहे, आणि ते तुमच्या मॉडपेक्षा भारी आहे. इसवी सन २३, चीनमध्ये कुनयांगची लढाई, आजच्या हनान प्रांतात. सत्ता बळकावून बसलेल्या वांग मांगने प्रचंड फौज पाठवली, ग्रंथात ४ लाखांच्या वर आकडा आहे, तो फुगवलेला असणार हे धरून चाला. त्या फौजेबरोबर वाघ, बिबटे, गेंडे, हत्ती होते, आणि उत्तरकालीन हान या चिनी इतिहासग्रंथात स्पष्ट म्हटलंय की ते दरारा वाढवायला आणले होते. कुनयांग शहरात त्याच्या विरोधातली आठ-नऊ हजार माणसं अडकलेली. त्यांच्यातला ल्यू श्यू नावाचा तरुण तेरा घोडेस्वारांनिशी रात्री बाहेर पडला, कुमक घेऊन आला आणि तीन हजार निवडक लोक घेऊन थेट सेनापतीच्या तळावर तुटून पडला. तेवढ्यात वादळ, विजा, धो धो पाऊस, नदीला पूर. आणि ग्रंथ म्हणतो वाघ-बिबट्यांचे पाय थरथरले. ते लढलेच नाहीत. पुढे हाच ल्यू श्यू बादशहा झाला, हान घराणं परत उभं राहिलं.

मुलूबद्दल पण सांगतो, तो थ्री किंग्डम्सच्या जुन्या चिनी कादंबरीतला आहे, पांढऱ्या हत्तीवर बसतो आणि श्वापदं सोडतो, त्याच्याविरुद्ध लढणारा सेनापती झूग ल्यांग लाकडी जनावरांच्या तोंडातून आग काढून त्यांना पळवून लावतो. म्हणजे कथेत पण वाघ पळतातच बघा. बाकी खऱ्या फौजांनी वाघाचं नाव आणि पट्टे घेतले. त्याच काळातला चिनी सरदार त्साव त्साव, त्याचं वाघ-बिबट्या घोडदळ हे माणसांचं घोडदळ. सिव्हिलायझेशन सहा या गेममध्ये चीनचं क्राउचिंग टायगर नावाचं युनिट निघतं, ती तोफ आहे. चीनच्या छिंग घराण्याच्या काळातले वेताच्या ढालीवाले शिपाई पट्ट्यांचे कपडे घालायचे, टिपूच्या सैनिकांच्या अंगरख्यांवर पण वाघाचे पट्टे. लोकांना वाघासारखं दिसायचं होतं, वाघ बरोबर न्यायचे धोके त्यांना कळत होते.

जुना_गडी:
कुनयांग मला माहीतच नव्हतं!! भावा तू हेच कर ना. झिरो एडीमध्ये हान आहेतच, २०२२ पासून.

रानवाट_२१:
करतोय. कालपासून ॲटलसमध्ये, म्हणजे झिरो एडीच्या नकाशा बनवायच्या साधनात, नकाशा मांडलाय, मधे तटबंदी, उत्तरेला नदी. वाघ ट्रेन होणार नाहीत, बॅरेकमध्ये बटणच नाही, ते वांग मांगच्या तळाजवळ सुरुवातीपासून उभे असतील. आत्ता टेम्प्लेटमध्ये, म्हणजे प्राण्याचे गुण ठरवणाऱ्या फाइलमध्ये, वाघ हल्ला करणारा आहे, हरणं माणूस दिसला की पळतात तसा स्टान्स म्हणजे वागण्याची पद्धत, पाऊस सुरू झाला की आपोआप वाघांना लावता येते का बघतोय, म्हणजे वीज कडाडली की सगळे एकदम आपल्याच छावणीतून पळत सुटतील. पळताना वाटेतल्या शिपायांना मारायला ठेवू का नको, यावर बफरवाले दादा तुमचं मत हवंय, तुम्ही घाबरलेला वाघ पाहिला असेल.

बफरवाला:
एकदा पाहिलाय, गावात शिरला होता आणि लोकांनी गलका केला तेव्हा. कान मागे, अंग जमिनीला चिकटलेलं, आणि निघायची वाट शोधत होता. वाटेत जो आला त्याला एक पंजा, थांबला नाही. तेवढंच ठेव, एक फटका आणि पुढे.