वालपापडीचा वेल माजलाय, पण तुरा नाही

प्रश्न:
जूनच्या मध्याला गच्चीत १५ × १५ इंचांच्या बॅगेत वालपापडीचं गावठी बी टोकलं. एका बॅगेत ४ वेल आहेत. सप्टेंबर संपत आला. वेल मांडवभर पसरलाय, पानं काळीभोर, पण एकही तुरा नाही. दर १५ दिवसांनी चमचाभर युरिया देतोय. बी खराब निघालं का? काढून टाकू?

प्रतिसाद १:
काढू नका! बी चांगलं आहे. गावठी वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. जूनमध्ये टोका की ऑगस्टमध्ये, तुरे ऑक्टोबर-नोव्हेंबरातच दिसतात.

युरिया मात्र आजच थांबवा. वाल मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र मिळवतो. वरून दिला की गाठी कमी धरतात आणि वेल पानांवर माजतो. कडेची माती हलकेच उकरून एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर दिसली तर गाठ काम करतेय, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

प्रतिसाद २:
त्या बॅगेला २ वेल पुरे. जास्तीचे उपटू नका, मुळं गुंतलेली असतात. मातीलगत कात्रीने कापा. उरलेल्या वेलांचे मांडवावर पोचलेले शेंडे खुडा म्हणजे बाजूने फुटवे येतील.

कळ्या लागल्यावर माती एकदाही कोरडीठाक होऊ देऊ नका, कळ्या गळतात. त्याच सुमारास काळा मावा कोवळ्या तुऱ्यांना चिकटतो. देठावर मुंग्यांची रांग दिसली की पानं उलटून बघाच. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. राहिला तर १ लिटर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी मधमाश्या गेल्यावर.

प्रतिसाद ३:
दिवसमानावर अवलंबून राहायचं नसेल तर पुढच्या वेळी अर्का जय किंवा अर्का विजय लावा. झुडपी वाण आहेत, मांडवही लागत नाही.

मांडवावर रात्री दिवा पडतो का? रात्र अखंड अंधारी मिळाली नाही तर फुलणं लांबतं.

प्रश्नकर्ता:
हो, रस्त्याचा दिवा थेट पडतो. तो बंद करणं हातात नाही.

प्रतिसाद ३:
मग त्या बाजूला जाड गोणपाट बांधा. अंधार पडताना खाली सोडायचं, सकाळी गुंडाळायचं. तुरे दिसेपर्यंत एकही रात्र चुकवू नका.