नजर सहा-बाय-सहा, तरी पायरी दिसत नाही

लक्ष्मीनगरवाली
काल इथे 'चष्मेवाला' यांनी लिहिलं की म्हातारपणी पडणं म्हणजे डोळ्यांचंच दुखणं. मोतीबिंदू काढा, नंबर तपासा, विषय संपला. मेंदूचं नाव काढणारे आपल्या नागपूरच्या धंतोलीतल्या एमआरआयवाल्यांची गिऱ्हाइकं वाढवतात. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या बाबांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं. डोळे तपासायच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायचे, म्हणजे नजर सहा-बाय-सहा, अगदी चांगली. तरी पडायचे, तेही मागे, पाठीवर. जिना उतरताना पहिल्याच पायरीवर थबकायचे. वरण सदऱ्यावर सांडायचं अन् आई म्हणायची, यांचं जेवणात लक्षच नसतं. आम्ही चष्मे बदलत राहिलो. पार्किन्सन समजून गोळ्याही झाल्या, फरक शून्य.

शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टने समोर बोट धरून खाली नेलं. बाबांचे डोळे जागचे हलले नाहीत. मग 'माझ्या नाकाकडे बघत राहा' म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी बाबांचं डोकं हळूच मागे झुकवलं, तर डोळे अलगद खाली सरकले! म्हणजे स्नायू शाबूत, नस शाबूत. मिडब्रेनमध्ये, म्हणजे मेंदूच्या मधल्या छोट्या भागात, 'खाली बघ' हा हुकूमच तयार होत नव्हता. मेंदूच्या या हळूहळू वाढणाऱ्या आजाराचं नाव प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी, पीएसपी. स्टील, रिचर्डसन आणि ओल्स्झेव्स्की या तिघा डॉक्टरांनी 1964 सालीच हे लिहून ठेवलंय. तक्ता नजरेच्या समोर टांगलेला असतो हो, खाली बघता येतं की नाही हे तो विचारतच नाही.

चष्मेवाला
ताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण एका घरचा आजार तुम्ही सगळ्या गावाला लावून राहिल्या. पीएसपी लाखात पाच-सहा लोकांना, मोतीबिंदू गल्लोगल्ली. मी रोज दुकानात पाहतो, बरोबर नंबर मिळाला की आजोबा काठी सोडून चालतात. अन् मिडब्रेनचं कौतुक काय सांगता? बेडकालाही असतो असला जुना भाग आहे तो. माणूस पाहतो मेंदूच्या मागच्या भागाने.

मेडिकलचा जुना विद्यार्थी
बेडकाचा म्हणून हिणवू नका भाऊ. जेमतेम दोन सेंटीमीटरचा मिडब्रेन, पण त्याच्या पाठीवरच्या सुपिरिअर कॉलिक्युलस नावाच्या उंचवट्यात डोळ्यासमोरच्या जागेचा अख्खा नकाशा आहे. वरचे थर नजरेचे. खालच्या थरांत ऐकू आलेलं अन् स्पर्शही येऊन मिळतो. कोपऱ्यात काही हललं की नजर तिकडे वळते, त्यात त्याचा मोठा हात.

वाइस्क्रान्ट्झ या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये एका रुग्णाचा अभ्यास मांडला. त्याच्या मेंदूचा उजव्या बाजूचा मागचा दृष्टीचा भाग शस्त्रक्रियेत काढलेला. डावीकडचं काही दिसत नाही असं तो सांगायचा, पण 'अंदाजाने दाखव' म्हटलं की ठिपक्याकडे बरोबर हात न्यायचा. हे काम कॉलिक्युलसच्या वाटेने होतं असं बरेच जण मानतात.

आणि डोळे वर-खाली फेकायचा हुकूम मिडब्रेनमधल्या एका इवल्याशा केंद्रातून जातो, डावी-उजवीकडचा त्याखालच्या पॉन्स या भागातून. म्हणून पीएसपीत वर-खाली आधी अडतं.

महालचा भाऊ
सगळं खरं हो, पण नागपुरात पडायला मिडब्रेन काहून बिघडायला पाहिजे? सिमेंट रोड घराच्या ओट्यापेक्षा वर गेले. फाटकातून निघालं की चढ, बाजूला उतार, पाऊस आला की पाणी दारात. माझी आई अशाच कडेवरून पडली अन् खुब्याचं हाड मोडलं. डोळे चांगले, मेंदू चांगला!

रेशीमबागेतला
डांबर दर पावसाळ्यात वाहून जायचं ते विसरले काय? सिमेंट रोड पाहिजेच. कडेला पिवळा पट्टा मारा, एवढंच काम आहे.

महालचा भाऊ
पट्टा मारून माझ्या आईचं हाड जुळणार आहे काय? आधी जुना रस्ता खरवडा, मग नवा टाका. तक्रार केली तर म्हणतात, तुम्हीच घराची जोती वाढवा. ज्याच्या दारात पाणी शिरत नाही त्याने पट्ट्याचे सल्ले देऊ नयेत.

रेशीमबागेतला
तुमच्या आईबद्दल मी काही बोललो नाही. आवाज चढवू नका.

लक्ष्मीनगरवाली
भाऊ, रस्त्याची तक्रार रास्त आहे. पण पिवळा पट्टा त्यालाच दिसतो ज्याची नजर खाली जाते. बाबांना कड दिसायचीच नाही. मान वाकवा म्हणावं तर या आजारात मान ताठ होते.

गोरेवाड्याची मावशी
आमच्या भाच्याचं उलटं होतं, त्याला वर पाहता येत नव्हतं. प्रयत्न केला की दोन्ही डोळे आतल्या आत ओढल्यासारखे व्हायचे. टॉर्च मारला तर बाहुली आकसायची नाही, बोट नाकाजवळ आणलं की आकसायची. आधी सगळ्यांनी नंबरच पाहिला, शाळेने तर आळशी ठरवलं. निघाली मेंदूतल्या पिनिअल या छोट्या ग्रंथीची गाठ, मिडब्रेनला मागून दाबत होती अन् डोक्यात पाणी साचलं होतं. पाणी काढल्यावर नजर हळूहळू वर जाऊ लागली. चष्मेवाले दादा, इथे एमआरआय वेळेत झाला म्हणून पोरगं वाचलं.

चष्मेवाला
लहान पोराचं वेगळं, तिथे एमआरआय लागतोच, मान्य. म्हाताऱ्यांच्या बाबतीत मी अजूनही म्हणतो, आधी डोळे तपासा. पण बोट वर-खाली फिरवून पाहायला पैसे पडत नाहीत. दुकानात तेवढं करीन.

मेडिकलचा जुना विद्यार्थी
तेवढं कराच. पीएसपीत सुरुवातीचा एमआरआय कधी कधी साफ असतो, बोट मात्र आधीच सांगून जातं: खाली बघताना डोळ्यांची झेप मंद होते, नजर पूर्ण अडायच्याही आधी. मागे पडणारा अन् गोळ्यांनी न सुधारणारा 'पार्किन्सन' दिसला की न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा.

लक्ष्मीनगरवाली
दादा, अशा माणसाला बायफोकल देऊ नका. खालच्या काचेपर्यंत नजर पोचतच नाही, शिवाय त्या काचेतून पायाजवळचा जिना धूसर होतो. वाचायचा चष्मा वेगळा द्या. आम्ही ताट चौरंगावर ठेवून छातीच्या उंचीला आणलं, तेव्हा बाबा पुन्हा स्वतःच्या हाताने जेवले.

महालचा भाऊ
ताई, आईसाठी वॉकर घ्यायचा आहे. बाबांना कोणता होता?

लक्ष्मीनगरवाली
बाबा मागे पडायचे, म्हणून चाकांचा, पुढे वजन लावलेला होता. तुमच्या आईचं हाडाचं दुखणं आहे, फिजिओथेरपिस्टला दाखवूनच घ्या. मी सांगितला म्हणून घेऊ नका.