कारा नो क्योकाई आणि तसले गूढ ॲनिमे: कुठे, कधी, कोणाबरोबर पाहिलेत?

रातपाळी

परवा भाचीच्या हट्टापायी डीमन स्लेयर या ॲनिमेचा (म्हणजे जपानी कार्टूनचा) 'इन्फिनिटी कॅसल' हा सिनेमा पाहायला गेले. थिएटर गच्च. पोरं काळ्या-हिरव्या चौकटींचे अंगरखे घालून आलेली, मागच्या रांगेत कोणीतरी प्रत्येक पात्र आलं की शिट्टी मारतंय. आणि पडद्यावर स्टुडिओचं नाव झळकलं, युफोटेबल. मग संगीतकार युकी काजिउराबाईंचं ते संगीत. 'कारा नो क्योकाई'चे सातही सिनेमे याच स्टुडिओचे आणि संगीतही याच बाईंचं. पुढची दहा मिनिटं पडद्यावर काय चाललं होतं ते मला विचारू नका, मी केव्हाच होस्टेलच्या खोलीत पोचले होते.

आमच्या कॉलेजात डीसी++ होतं, म्हणजे लॅनवरून एकमेकांच्या फायली घ्यायचं सॉफ्टवेअर. कोण्या सीनियरने एक फोल्डर टाकलेलं, 'कारा नो क्योकाई', आत सात फायली. एकीचा लॅपटॉप, दुसरीचे स्पीकर, बाकीच्या गादीवर. पहिला लावला. एक पडीक उंच इमारत, तिथून शाळकरी मुली एकामागून एक खाली पडतायत, वर हवेत पांढऱ्या आकृत्या तरंगतायत. आणि किमोनोवर लाल लेदर जॅकेट घातलेली एक मुलगी, शिकी. तिला प्रत्येक गोष्टीचं मरण रेषांसारखं दिसतं. ती रेष सुरीने कापली की काम संपलं, मग समोर माणूस असो, भूत असो की भिंत. पन्नासेक मिनिटांत सिनेमा आटोपला आणि आम्ही एकमेकींची तोंडं बघत बसलो. काही म्हणजे काही कळलं नव्हतं. त्या रात्री गच्चीवरचे कपडे आणायला कोणी गेलं नाही, एवढं मात्र खरं.

नंतर कोणीतरी सांगितलं की क्रम मुद्दाम उलटसुलट आहे. गोष्ट १९९५ ते १९९९ मधली, पण काळाप्रमाणे लावायची तर २, ४, ३, १, ५, ६, ७ अशी. मला विचाराल तर न कळता पाहिला हेच बरं झालं. सगळं समजावून सांगितलं असतं तर मी दुसरा लावलाच नसता.

तुमचे अनुभव लिहा. हाच पाहिजे असं नाही, गूढ-भुताटकीचं कुठलंही ॲनिमे चालेल.

व्हीएलसी_वाला

पहिला नंबर! डीसी++ वाचून डोळे पाणावले. आमच्याकडे रात्री अकराला नेट बंद व्हायचं पण लॅन चालू असायचं, त्यामुळे अख्ख्या होस्टेलचं सांस्कृतिक शिक्षण अकरानंतर झालं. सविस्तर नंतर लिहितो, मीटिंग आहे.

जिरेपूड

तिसरा मी सुरू होताच बंद केला. पीजीत एकटी होते, रूममेट गावाला गेलेली. पहिले दोन आवडले म्हणून तिसरा लावला आणि सुरुवातीलाच तो बारमधला प्रसंग. मुलीवर अत्याचार, आणि ती चेहऱ्यावर काहीही न येता पडून आहे. कोणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. ज्याने शिफारस केली तो नुसता 'फायटिंग जबरी आहे' म्हणाला होता. त्या पुलावरची फायटिंग मी आजतागायत पाहिलेली नाही.

रातपाळी

अगं हो. माझ्या धाग्यात आधीच लिहायला हवी होती ही सूचना. तर मंडळी, तिसऱ्यात लैंगिक अत्याचार आहे आणि तो उघड दाखवलाय. सातव्यातही काही जागा जड आहेत. जपून.

घाटमाथा

@जिरेपूड, आमच्याकडे तो बायकोने बघितला, मी उठून गेलो. तिचं म्हणणं, त्या मुलीची, फुजिनोची, बाजू त्यात आहे म्हणून बघवला. मला नाही जमलं बुवा.

वॉर्ड_नंबर_सात

मी आयसीयूत नर्स. मला चौथ्याबद्दल बोलायचंय, दोन मिनिटं द्या.

बाई दोन वर्षं कोमात आहे. दोन वर्षं! शुद्धीवर आल्यावर तिला सगळीकडे त्या रेषा दिसायला लागतात म्हणून ती स्वतःचे डोळेच फोडायला जाते, तो भाग मला पटला. शुद्धीवर येणारे पेशंट भयंकर घाबरलेले असतात, हात बांधावे लागतात कधीकधी. पण मग ती बाई उठून, अंगात भूत शिरलेल्या प्रेताशी मारामारी करत खिडकीतून खाली? अहो, आमच्याकडे तीन आठवडे व्हेंटिलेटरवर असलेल्या माणसाला पलंगाच्या कडेला बसवायचं तर दोघं धरायला लागतात. मांड्यांचं पार खोबरं झालेलं असतं. फिजिओवाली मैत्रीण शेजारी बसली होती, ती म्हणाली हिचा फिजिओ कोण, मला त्याचा नंबर दे.

रात्री वॉर्डात शांत असतं ना, तेव्हा तो चौथाच आठवतो मला. बाकीचे नाही.

तिसऱ्यातल्या पोटदुखीचं निदान काय असेल ते मला मध्येच कळलं होतं. सांगत नाही. राउंड आला, पळते.

व्हीएलसी_वाला

खोबरं झालेलं असतं =)) =))

नवव्या_मजल्यावरून

पाचवा!! 'पाचव्या'वर कोणी बोललं कसं नाही? 'मुजुन रासेन' नाव त्याचं. जवळजवळ दोन तासांचा आहे आणि सगळ्यांत भारी. त्यात एक विचित्र बांधणीचं अपार्टमेंट आहे, दोन अर्धगोल इमारती समोरासमोर, आणि आत राहणारी कुटुंबं रोज

जिरेपूड

स्पॉयलर!!! थांबा!!!

नवव्या_मजल्यावरून

थांबलो. अर्धाच मेसेज गेला होता तसाही, मुलाने फोन ओढला.

एवढंच सांगतो, लिफ्टमधून बाहेर आल्यावर आपण नक्की कुठल्या बाजूला उभे आहोत हा त्यातला मोठा प्रश्न आहे. मी तो पाहिला तेव्हा आम्ही नुकतेच नवीन टॉवरमध्ये राहायला आलो होतो. ए विंग आणि बी विंग, दोन्हींची लॉबी सारखी, टाइल्स सारख्या, दारं सारखी, दारासमोरचा चपलांचा स्टँडसुद्धा सारखा. रात्री साडेअकराला पाहून संपवला, कचरा टाकायला खाली गेलो आणि वर आल्यावर किल्ली लागेना. आतून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, 'कोण आहे?' माझे हातपाय गार. त्या बी विंगच्या जोशीकाकू निघाल्या. आता दिवाळीला फराळाची देवाणघेवाण आहे आमची.

घाटमाथा

काकूंची बाजू ऐकायला आवडेल. मध्यरात्री कोणीतरी दार उघडतंय. त्यांच्यासाठी ते गूढ ॲनिमेच.

निशिकासाई_लोकल

टोक्योहून. आम्ही मराठी मंडळी निशिकासाईला बरीच आहोत, गणपतीत भेटतो, त्यात दोन जण या सिनेमाचे वेडे निघाले.

हे सिनेमे इथे पहिल्यांदा मोठ्या थिएटरांत लागलेच नव्हते. डिसेंबर २००७ मध्ये शिंजुकूच्या 'तेआतोरु शिंजुकू' नावाच्या एका छोट्या थिएटरात उशिराच्या शोला पहिला लागला. तळघरात आहे ते. लोक रांगा लावून येत. मग एकेक करत सातवा ऑगस्ट २००९ ला. म्हणजे त्या काळच्या प्रेक्षकाने हा उलटसुलट क्रम पावणेदोन वर्षं सहन केला, मध्ये महिनोन्‌महिने थांबून. आपण सात फायली एका शनिवार-रविवारी संपवतो आणि म्हणतो कळलं नाही.

मूळ कादंबरी किनोको नासूची. तीही आधी इंटरनेटवर प्रकरणाप्रकरणाने आली, छापील आणि मोठ्या प्रकाशकाची आवृत्ती खूप नंतर, २००४ ला.

मी त्या थिएटरात गेलो होतो, मात्र दुसराच कुठला तरी सिनेमा पाहायला. जिना उतरताना उगाच छाती भरून आली. बायको म्हणाली, जिना तर आहे.

चकलीचा_सोऱ्या

हे लहान मुलांना दाखवता येईल का? माझा मुलगा ८ वर्षांचा आहे आणि त्याला जपानी कार्टून फार आवडतं.

रातपाळी

नाही!!

वॉर्ड_नंबर_सात

नाही.

जिरेपूड

अजिबात नाही हो. कृपया धागा वरून वाचा.

चकलीचा_सोऱ्या

ठीक आहे, वाचला. बाप रे. आमच्या वेळी दूरदर्शनवरचा मोगली बरा होता.

घाटमाथा

तोही जपानीच होता की. जंगल बुकचं ते कार्टून जपानमध्येच बनलं, आपल्याकडे फक्त हिंदी आवाज आणि शीर्षकगीत. आमच्या आजीचं आवडतं ॲनिमे तेच आणि तिला ॲनिमे हा शब्द माहीत नव्हता.

चकलीचा_सोऱ्या

काय सांगता!

सुरांची_सय

मी संगीतासाठी आले. मला गोष्ट अजूनही धड सांगता येणार नाही पण गाणी सगळी पाठ आहेत. कलाफिना हा गटच मुळात या सिनेमांची शेवटची गाणी गायला युकी काजिउरांनी उभा केला. आणि त्या कोरसमधल्या शब्दांना कुठल्याच भाषेत अर्थ नसतो, बाईंनी स्वतः रचलेले आवाज आहेत ते. चाहते त्याला काजिउरा-गो म्हणतात, म्हणजे काजिउरांची भाषा.

मी शास्त्रीय शिकते. तराणा गाताना 'तोम् तनन' चा अर्थ कोणी विचारला की मी त्याला हे ऐकवते. गुरुजींनाही ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, 'चांगलंय, पण परीक्षेत हे गाऊ नकोस.'

व्हीएलसी_वाला

मीटिंग संपली. आलो.

माझं मत रातपाळीताईंच्या विरुद्ध. काळाच्या क्रमानेच पहा. मी आधी सुटा सुटा पाहिला आणि डोकं दुखलं, नंतर धाकट्या भावाला २, ४, ३ असा दाखवला. त्याला शिकी आणि तिचा मित्र मिकिया यांचं नातं पहिल्यापासून कळलं, कोण कधी बदललं ते कळलं. पोरगा रडला हो सातव्यात. मी तर पहिल्यांदा सातव्यापर्यंत कोण कोणाला का मारतंय हेच शोधत होतो.

जाता जाता, शिकीला आवाज देणारी माया साकामोतो आणि मिकियाला आवाज देणारा केनइची सुझुमुरा, दोघांनी २०११ मध्ये खरोखर लग्न केलं. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी पेढे वाटल्यासारखा आनंद.

रातपाळी

@व्हीएलसी, पण मग पहिला सिनेमा चौथ्या जागी जातो आणि त्याची सगळी जादू जाते ना. मिकिया झोपलाय, शिकी एकटी त्या खोलीत, फ्रिजमधलं स्ट्रॉबेरी आइस्क्रीम... तिला काय झालंय ते आपल्याला माहीत नाही म्हणून तर तो एकटेपणा टोचतो. दुसरा आधी पाहिलेल्याला ते नुसतं 'अच्छा, मिकियाची आठवण येतेय' एवढंच वाटणार.

व्हीएलसी_वाला

मुद्दा आहे. पण भाऊ रडला हाही मुद्दा आहे.

नवव्या_मजल्यावरून

स्ट्रॉबेरी आइस्क्रीमवरून, पाचगणीच्या रस्त्यावर क्रीमवाली स्ट्रॉबेरी खाल्ली का कोणी यंदा? भाव काय आहे?

घाटमाथा

विचारू नका. भाव ऐकून क्रीम आंबलं.

लाल_जॅकेट

अनेक वर्षं वाचनमात्र होते, आज राहवलं नाही. आयडी बघा माझा!

मुंबईच्या कॉमिक कॉनला शिकी झाले होते. किमोनो आईच्या जुन्या फिक्या निळ्या साडीचा, कॉलनीतल्या शिंपीमामांनी शिवला. त्यांना फोटो दाखवला तर म्हणाले, 'हे गाऊनसारखंच आहे, दोरी कुठे?' लाल जॅकेट मामेभावाचं, त्याच्या बुलेटचं. मे महिना नव्हता तरी मुंबई ती मुंबई, दुपारी दोनपर्यंत मी उकडून बटाटा. आईला वाटलं मी कुठल्या तरी नाटकात नोकराणीचं काम करतेय. फोटो बघून आजी म्हणाली, सुरी खोटी आहे ना गं?

दिवसभरात फक्त एका मुलाने ओळखलं. बाकी सगळे विचारत होते, 'डीमन स्लेयरमधली कोणती?' पण तो एक मुलगा ओरडला, 'शिकी!!' सगळे पैसे वसूल.

निशिकासाई_लोकल

वा! किमोनोची डावी बाजू वर होती ना? उजवी वर फक्त मृतांना नेसवतात, इथल्या सासवा लगेच टोकतात.

लाल_जॅकेट

हो हो, डावी वर. ते व्हिडिओत आधीच पाहून ठेवलेलं. या बाईची सगळी गोष्टच मरणाची, तिला तेवढं तरी नीट नेसवावं म्हटलं.

सुरांची_सय

आणि तो एक मुलगा?? पुढे??

लाल_जॅकेट

पुढे काही नाही. तो बारावीत होता. :)

घाटमाथा

=))

हार्डडिस्क_गेली

माझी ५०० जीबीची हार्डडिस्क गेली तेव्हा त्यात हे सातही होते, शिवाय लग्नाचे फोटो. बायकोला मी फक्त फोटोंबद्दल सांगितलं. रिकव्हरीवाल्याने विचारलं, साहेब आधी कुठलं फोल्डर काढू? मी बायकोकडे बघितलं आणि फोटो म्हणालो. फोटो आले. सिनेमे नाही.

विकत घ्यावेत म्हटलं तर अमेरिकेत २०११ मध्ये ब्लू-रेचा जो संच आला त्याची किंमत ४०० डॉलरच्या आसपास होती. तेवढ्यात आमच्याकडे फ्रिज आला.

वॉर्ड_नंबर_सात

चांगला रिकव्हरीवाला पुण्यात कोणी आहे का? माझीही टकटक आवाज करतेय.

हार्डडिस्क_गेली

व्यक्तिगत निरोप करतो. पण टकटक करतेय तर आधी ती लावणं बंद करा, पुन्हापुन्हा चालू करून बघू नका.

जिरेपूड

सगळं वाचून आता परत पाहावंसं वाटतंय. तिसरा वगळला तर पाचवा कळेल का? खरं सांगा.

व्हीएलसी_वाला

कळेल. दुसरा आणि चौथा मात्र नक्की पहा. पहिल्या-तिसऱ्यातल्या दोघींचा पाचव्यात संबंध येतो, पण अडणार काही नाही. सहावा हलका आहे, मिकियाच्या बहिणीचा, शाळेतल्या पऱ्यांचा, जेवताजेवता बघण्यासारखा. सातव्यानंतर एक उपसंहार आहे, अर्धा तास शिकी आणि मिकिया दोघं बर्फात उभं राहून नुसती बोलतात. मी त्यात झोपलो होतो, भावाला तोच सगळ्यांत आवडला. २०१३ चा एक जास्तीचा आहे तो शेवटी.

जिरेपूड

थँक्यू. शनिवारी नवऱ्याला शेजारी बसवून लावते. तो घोरायला लागला तर उपसंहार समजेन.

नवव्या_मजल्यावरून

पाचवा बघाल त्या रात्री कचरा आधीच टाकून या.