मदत हवी आहे : वीरगळांवरचा ऑइल पेंट लेझरने काढावा का?

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या महादेवाच्या देवळाबाहेर काळ्या पाषाणातले तीन वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड) आहेत. दर जत्रेला कमिटी त्यांना रंग फासत आली आहे. तळाशी शेंदूर, त्यावर भगवा ऑइल पेंट, वरून चंदेरी. वरचे चंद्र-सूर्य आणि शिवलिंगाची पूजा कशीबशी दिसते, पण खालच्या चौकटीतल्या वीराच्या हातात तलवार आहे की भाला, तेही कळत नाही.

आता कमिटीतल्या एकाने गंज उडवणाऱ्या लेझरचा व्हिडिओ दाखवलाय आणि सगळे हट्टाला पेटलेत. एमआयडीसीतला एक फॅब्रिकेटर मशीन घेऊन यायला तयार आहे. १५०० वॅट, वेल्डिंग-कटिंग-क्लीनिंग सगळं एकातच.

मी थोडं वाचलं. १९७२ च्या सुमारास जॉन अ‍ॅस्मस हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ व्हेनिसला पुतळ्यांचे होलोग्राम (लेझरने टिपलेल्या त्रिमितीय प्रतिमा) घ्यायला गेले, तेव्हा लेझरने संगमरवरावरची काळी पुटं उडतात हे त्यांच्या लक्षात आलं. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयातल्या कॅरिअ‍ॅटिड मूर्तीही (खांबाच्या जागी उभ्या केलेल्या स्त्रीमूर्ती) लेझरनेच साफ केल्या. नुसत्या १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त लेझरने दगड पिवळट दिसू लागतो, म्हणून तिथे जोडीला ३५५ नॅनोमीटरचा अतिनील किरण वापरला. पण हे सगळं पांढऱ्या दगडाचं. काळं पुट ऊर्जा शोषून उडतं, खालचा संगमरवर प्रकाश परतवतो आणि काम आपसूक थांबतं. आमचा दगडच काळा, मग ते थांबणार कुठे? बेसाल्टवर कुणी हे केलंय का?

प्रतिसाद १
आधी त्या फॅब्रिकेटरला थांबवा. बेसाल्टमधली लोहयुक्त खनिजं १०६४ चा किरण चांगलाच शोषतात. दगडाचा वरचा थर वितळून काचेसारखा झाला की संपलं. त्यात तुम्ही म्हणताय ते मशीन बहुधा सलग किरणाचं असणार. संवर्धनातली क्यू-स्विच्ड मशीनं काही नॅनोसेकंदांचे झटके देतात, उष्णता आत मुरायला वेळच मिळत नाही. आणि शेंदूर! तो शिशाचा असेल तर काळा पडेल आणि धूर विषारी. देवळाच्या अंगणात हे नकोच.

ऑइल पेंटसाठी सॉल्व्हंट जेल (रंग विरघळवणारं जेल) लावतात, तेही आधी मागच्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर तपासून, जाणत्या संवर्धकाच्या हातून. कॉस्टिक सोडा, सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा), तारेचा ब्रश यांतलं काहीच नको. वीरगळ संरक्षित यादीत आहेत का, हे राज्य पुरातत्त्व खात्याकडे विचारा. असतील तर परवानगीशिवाय हात लावता येत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथेही विचारून बघा.

धागाकर्ता
आभार! 'धूर विषारी' एवढं वाक्य कमिटीला पुरे होईल, दगडाचं कुणी ऐकणार नाही. कोल्हापूर-सांगलीकडे दगडावर काम करणारे संवर्धक ठाऊक असतील तर कृपया व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. जत्रेच्या आधी निदान नवा रंग तरी थांबवायचाय.